डीएपी टाकूनही स्फुरद कमी का पडतं, आणि मुळं त्यावर काय करतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरूर तालुक्यातली मध्यम काळी, चुनखडीची जमीन. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.२, मुक्त चुना ९ टक्के, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी ८.६ किलो. दरवर्षी एकरी एक गोणी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे खत) फोकून, म्हणजे रानभर पसरून, दिला जातो. तरीही रब्बी मक्याची रोपं जांभळी पडतात आणि कांदा फुगत नाही. रोप उपटून पाहिलं तर मुळी पांढरी, बारीक आणि दाट दिसते. मुळी इतकी चांगली असताना पीक का अडतं? स्फुरद विरघळवणारे जिवाणू टाकले तर सुटेल का?

सुरुवात मुळीपासून करतो, कारण गैरसमज तिथेच आहे. पांढरी मुळी दाट दिसली की आपण पीक जोमात आहे असं धरतो. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत मात्र दाट, बारीक, लांब केसांची मुळी ही बऱ्याचदा उपाशी झाडाची धडपड असते. पानांच्या वाट्याची साखर झाड मुळांकडे वळवतं आणि शोध वाढवतं. वरची वाढ अडलेली आणि खाली मुळी दाट, या दोन्हींच्या मागे कारण एकच. एक अट लक्षात ठेवा: उपाशी झाडात पानांच्या तुलनेत मुळांचा वाटा वाढतो, पण एकूण मुळी वजनाला भरल्या पोटाच्या झाडापेक्षा कमीच भरते. म्हणून नुसती मुळी बघून निदान करू नका. शेजारचं चांगलं पोसलेलं रोपही मातीसकट काढून दोन्हींची तुलना करा.

आता झाडाला एवढी धडपड का करावी लागते ते बघू. नत्र, विशेषतः नायट्रेट, पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येतं. स्फुरद असं येत नाही. मातीतल्या पाण्यात ते एका लिटरला साधारण ०.०३ ते ०.३ मिलीग्रॅम एवढंच विरघळलेलं असतं. हिशोब करून बघा. मक्याच्या पिकाने हंगामात ४०० मि.मी. पाणी ओढलं, म्हणजे हेक्टरी ४० लाख लिटर. लिटरला ०.१ मिलीग्रॅम धरलं तर या सगळ्या पाण्याबरोबर आलं फक्त ०.४ किलो स्फुरद. चांगल्या पिकाची गरज मात्र २० किलोच्या आसपास. उरलेलं सगळं स्फुरद मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून इंचाइंचाने सुद्धा नाही, मिलिमीटरच्या हिशोबाने सरकत येतं. मुळाने जवळचं स्फुरद उचललं की त्याच्याभोवती एखाद्या मिलिमीटरचा रिकामा पट्टा तयार होतो, आणि तो लवकर भरून येत नाही. एकाच जागी बसून मुळाचं भागत नाही. त्याला सतत नवीन, अजून न चाखलेल्या मातीत जावं लागतं. मुळांचे पुढचे सगळे बदल या एका अडचणीतून निघतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मूलरोम, मुळावरचे सूक्ष्म केस. एकेक केस म्हणजे एकाच पेशीचा लांब फुगवटा, त्यामुळे तो वाढवायला झाडाला फारसा खर्च येत नाही. ॲराबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात भरपूर स्फुरद असताना केस साधारण ०.३ मि.मी. असतात आणि तुटवड्यात ०.९ मि.मी.पर्यंत लांबतात. त्यांची दाटीही कित्येक पट वाढते. रिकामा पट्टा मिलिमीटरभराचा असल्यामुळे केस एवढे लांबणं म्हणजे त्या पट्ट्याच्या काठापर्यंत हात पोचणं. हे घडवणारं संप्रेरक ऑक्सिन. २०१८ साली भात आणि ॲराबिडोप्सिस या दोन्हींत दाखवलं गेलं की तुटवड्यात ऑक्सिन मुळाच्या टोकाकडून केस फुटणाऱ्या भागाकडे वाहून नेणारं प्रथिन नसेल, तर केस लांबत नाहीत.

दुसरा बदल मुळांच्या मांडणीत होतो. स्फुरद वरच्या १५ सें.मी. मातीत जास्त असतं, कारण काडीकचरा तिथे कुजतो आणि खतही तिथेच पडतं. म्हणून बऱ्याच पिकांत आडवी, उथळ मुळं वाढतात आणि बाजूच्या फांद्या दाट होतात. घेवड्याच्या जातींमध्ये हा फरक ठळक दिसतो. ज्या जातींची मुळं उथळ कोनात पसरतात, त्या स्फुरद कमी असलेल्या जमिनीत तग धरतात. पण वरचा थर वाळला की याच जाती आधी माना टाकतात. शिरूर, दौंड, बारामतीच्या कमी पावसाच्या पट्ट्यात हे फार महत्त्वाचं आहे. पाण्याचा ताण बसलेल्या वरच्या थरात स्फुरद असलं तरी ते सरकू शकत नाही, कारण ते ज्या पाण्याच्या थरातून सरकतं तोच तुटलेला असतो. पेरणीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे वरची माती ओलसर राहिली, तर तेवढ्यानेही स्फुरदाची उपलब्धता सुधारते.

मुख्य मूळ थांबतं का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. ॲराबिडोप्सिसमध्ये थांबतं, आणि त्याला लोह लागतं. टोक स्फुरद नसलेल्या माध्यमाला टेकलं की तिथल्या पेशींच्या भिंतीत लोह साठतं, पेशींचे मार्ग बुजतात आणि विभाजन बंद पडतं. मात्र त्या प्रयोगांत मुळं पारदर्शक डिशमध्ये उजेडात वाढवलेली असतात, आणि निळ्या उजेडाने हा परिणाम तीव्र होतो. मका किंवा भात शेतात असं मुख्य मूळ सरसकट थांबवत नाहीत. भातात तर सौम्य तुटवड्याला मुळं उलट लांबतात. तेव्हा डिशमधलं निरीक्षण शेतावर जसंच्या तसं लावू नका, आणि प्रयोग करायचाच असेल तर मुळांकडचा भाग काळ्या कागदाने झाका.

हे सगळं ठरवणारी आतली व्यवस्था दोन ठिकाणी चालते. मुळाचं टोक जागच्या जागी बघतं की इथे स्फुरद आहे का. आणि पूर्ण झाडात एकंदर किती आहे, याची खबर पानांकडून अन्नवाहिन्यांतून एका सूक्ष्म आरएनएच्या रूपाने मुळांना जाते. त्या खबरेवर मुळं स्फुरद उचलणाऱ्या प्रथिनांवरचा लगाम सैल करतात. या कामाचा मुख्य सूत्रधार असलेलं पीएचआर-१ हे प्रथिन २००१ साली ओळखलं गेलं. झाडाचं पोट भरलं की ते बांधून ठेवलं जातं, उपास पडला की मोकळं सुटतं. स्फुरद उचलणाऱ्या यंत्रणेला काही तासांत जाग येते, केस लांबायला एक-दोन दिवस लागतात, मुळांची मांडणी बदलायला आठवडे. म्हणून रोपावस्थेतला तुटवडा नंतर भरून निघत नाही. मुळांची नवी मांडणी तयार होईपर्यंत मक्याचं कणीस किती मोठं होणार याचा पाया घातला गेलेला असतो.

आता तुमच्या जमिनीचा खरा पेच. मुळं फक्त पसरत नाहीत, रसायनंही सोडतात. सायट्रिक, मॅलिक अशी आम्लं आणि हायड्रोजन आयन सोडून ती कॅल्शियमशी बांधलेलं स्फुरद सुटं करतात. फॉस्फटेज ही विकरं सोडून सेंद्रिय पदार्थांत अडकलेलं स्फुरद कापून घेतात. पण ९ टक्के मुक्त चुना असलेल्या मातीत मुळाने सोडलेलं आम्ल चुनाच लगेच मारून टाकतो. मुळाच्या अगदी लगतची पातळ पट्टीच काय ती आम्लधर्मी होते. इथे पिकापिकांत मोठा फरक आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. हरभरा आम्लं भरपूर सोडतो. शिवाय हवेतला नत्र घेणारं पीक असल्याने त्याची मुळं हायड्रोजन आयनही जास्त बाहेर टाकतात. काळ्या चुनखडीच्या जमिनीत हरभरा कमी स्फुरदावर तग धरतो तो यामुळे. तुरीचं तंत्र वेगळं. तिच्या मुळांतून निघणारं पिसिडिक आम्ल लोहाला पकडतं आणि लोहाशी बांधलेलं स्फुरद सोडवतं. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेच्या कामातून १९९० साली हे पुढे आलं. म्हणून तुरीचा हा गुण तांबड्या जमिनीत उठून दिसतो. काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधलेलं असतं, तिथे तुरीला हा फायदा फारसा मिळत नाही. ‘तूर घेतली की स्फुरद सुटतं’ हे वाक्य जमीन बघून बोलावं.

मका आणि कांदा या दोघांकडे असलं आम्लाचं हत्यार कमजोर. कांद्याची अवस्था तर आणखी वाईट. त्याची मुळं जाड, कमी फांद्यांची, उथळ आणि जवळजवळ बिनकेसांची असतात. वर सांगितलेले अर्धे उपाय त्याला उपलब्धच नाहीत. त्याची मदार मायकोरायझा या बुरशीवर असते. मुळात शिरलेली ही बुरशी आपले धागे मुळापासून काही सेंटिमीटर लांब सोडते. केसाची पोच मिलिमीटरची, धाग्याची सेंटिमीटरची. स्फुरदासाठी हा फरक निर्णायक ठरतो. भूक लागली की मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं द्रव्य मातीत सोडून या बुरशीला बोलावतं. ज्वारी घेणाऱ्यांनी इथे जरा थांबावं: टारफुल्याचं, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या परजीवी तणाचं, बीही हाच वास घेऊन उगवतं. कस गेलेल्या, स्फुरद कमी असलेल्या रानात टारफुला जास्त माजतो, त्याचं एक कारण हे आहे.

बुरशीचं हे नातं आपण नकळत तोडतो. कांद्याच्या आधी कोबी किंवा फ्लॉवर घेतला, तर त्या पिकांना मायकोरायझा लागतच नाही, आणि मातीतली बुरशी उपाशी राहून कमी होते. वारंवार खोल नांगरट धागे तोडते. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाची आळवणी चांगल्या-वाईट बुरशीत भेद करत नाही. आणि विरघळणारं स्फुरद फार झालं की झाड स्वतःच बुरशीला दार बंद करतं. कांद्यापूर्वी मका, ज्वारी, सोयाबीन किंवा हरभरा असणं या दृष्टीने चांगलं. मायकोरायझाचं तयार खत वापरायचं असेल तर ते रोपवाटिकेतल्या गादीवाफ्याच्या मातीत मिसळा. थोड्या खतात काम होतं, आणि रोपं शेतात जातात ती बुरशी मुळात घेऊनच.

आता तुमच्या डीएपीचा हिशोब. एक गोणी म्हणजे ५० किलो, त्यात ४६ टक्क्यांनी २३ किलो. पण ही २३ किलो पी२ओ५च्या, म्हणजे खतातलं स्फुरद ज्या ऑक्साइडच्या रूपात मोजतात त्याच्या, हिशोबात आहेत. माती परीक्षणातले ८.६ किलो हे नुसत्या स्फुरदाचे, म्हणजे ‘पी’चे आहेत. पी२ओ५ला २.२९ने भागलं की पी मिळतं. २३ किलो म्हणजे एकरी १० किलो, हेक्टरी २५ किलो स्फुरद. मक्याची शिफारस हेक्टरी ६० किलो पी२ओ५, एकरी २४. तुम्ही दिलंय जवळजवळ तेवढंच. मात्रा चुकलेली नाही, जागा चुकली आहे.

फोकून मातीत मिसळलं की काय होतं बघा. वरच्या १५ सें.मी. थराचं वजन हेक्टरी सुमारे २२.४ लाख किलो. २५ किलो स्फुरद त्यात पसरलं की किलोभर मातीला ११ मिलीग्रॅम आलं, आणि ते चुन्याच्या कोट्यवधी कणांच्या तोंडी दिलं. तेच खत ६० सें.मी. अंतराच्या ओळींत ५ सें.मी. रुंद, ५ सें.मी. जाड पट्ट्यात टाकलं तर ते जेमतेम ३ टक्के मातीत राहतं, आणि तिथे किलोला ४०० मिलीग्रॅमच्या आसपास जातं. चुन्याची धरून ठेवायची ताकद त्या पट्ट्यापुरती थकते. मुळाला अशी समृद्ध जागा सापडली की ते तिथेच फांद्या फोडतं. सातूवरच्या १९७५च्या प्रयोगात मुळाच्या फक्त एका भागाला स्फुरद दिल्यावर नेमक्या त्याच भागात फांद्या दाट झाल्या होत्या. खताबरोबर अमोनियमही असेल तर आणखी चांगलं. अमोनियम उचलताना मूळ हायड्रोजन आयन सोडतं आणि आपल्या लगतचा सामू खाली आणतं. चुनखडीच्या जमिनीत एवढा आधारही मोलाचा.

मक्यासाठी दोन चाड्याची (बी आणि खत वेगवेगळं पाडणारी) पाभर वापरा आणि खत बियाण्याच्या ५ सें.मी. बाजूला, ५ सें.मी. खाली पाडा. ओळी ६० सें.मी.वर असतील तर एकरी ५० किलो डीएपी म्हणजे १० मीटर ओळीत ७५ ग्रॅम. पेरणीआधी पाभर १० मीटर चालवून खताच्या नळीखाली पिशवी बांधा, वजन करा आणि मगच वावरात घाला. डीएपी बियाण्याला टेकला तर चुनखडीच्या मातीत त्यातून अमोनिया वायू सुटतो आणि कोंब जळतो. उगवण विरळ झाली की बियाण्याला दोष दिला जातो, पण उकरून बघितलं तर कोंबाचं टोक तपकिरी झालेलं सापडतं. सिंगल सुपर फॉस्फेटने हा धोका कमी होतो. त्यात पी२ओ५ १६ टक्के, म्हणून मक्याला एकरी १५० किलो, तीन गोण्या. त्यात ११ टक्के गंधकही येतं, आणि कांद्याला गंधक हवंच असतं. म्हणून कांद्याला मी सुपर फॉस्फेटच सुचवेन: हेक्टरी ५० किलो पी२ओ५च्या शिफारशीप्रमाणे एकरी १२५ किलो, अडीच गोण्या. गादीवाफा तयार झाल्यावर रोपांच्या ओळी येणार तिथे ५ ते ७ सें.मी. खोल रेघा ओढून त्यात खत टाका, माती ओढा, मग लागण करा. सुपर फॉस्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून याच रेघांत दिलं तर चुन्याशी त्याचा थेट संबंध कमी येतो.

लागणीनंतर महिन्याने वरून डीएपी टाकायची पद्धत बंद करा. वरून पडलेलं स्फुरद दोन-तीन सें.मी.च्या खाली जात नाही, आणि तो थर दोन पाण्यांच्या मध्ये वाळलेला असतो. ठिबक असेल तर ००:५२:३४ किंवा १२:६१:०० हे पाण्यात विरघळणारं खत चालतं, पण तेही ड्रिपरपासून थोड्याच अंतरापर्यंत पोचतं, म्हणून नळी ओळीला लागूनच हवी. कॅल्शियम नायट्रेट आणि ही खतं एका टाकीत कधीही एकत्र करू नका. पांढरा साका बसतो, ड्रिपर बुजतात आणि स्फुरदही वाया जातं. बोअरचं पाणी जड असेल तर हाच त्रास कॅल्शियम नायट्रेट न टाकताही होतो. आधी बादलीभर पाण्यात खत विरघळवून रात्रभर ठेवा आणि तळाला साका बसतो का ते पाहा. झिंक सल्फेट या पट्ट्यात टाकू नका, वेगळं द्या. स्फुरद वाढलं की जस्ताची टंचाई वर येते आणि मक्याच्या पानावर शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसतात. ती नवी तक्रार स्फुरदाची समजून लोक आणखी डीएपी टाकतात.

जिवाणूंबद्दल. स्फुरद विरघळवणारे जिवाणू मुख्यतः आम्ल सोडूनच काम करतात, आणि तुमच्या जमिनीत ते आम्ल चुना खाऊन टाकतो. प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये वसाहतीभोवती दिसणारं स्वच्छ वर्तुळ ९ टक्के चुन्याच्या रानात तसंच्या तसं दिसणार नाही. तरी बीजप्रक्रिया स्वस्त आहे, म्हणून करा: किलो बियाण्याला २५ ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून. बुरशीनाशक आधी लावायचं आणि जिवाणू शेवटी. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. जिवाणू खत डीएपीत मिसळून पेरू नका. त्याच्या भरवशावर स्फुरदाची मात्रा मात्र कमी करू नका. रॉक फॉस्फेट तुमच्या जमिनीत टाकणं म्हणजे पैसे पुरणं. ते विरघळायला आम्लधर्मी माती लागते, मावळ, मुळशी, वेल्ह्याच्या भातखाचरांकडची. तिथे स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधलेलं असतं, आणि तिथला विचारच वेगळा करावा लागतो.

जांभळ्या पानांवरून घाईने निष्कर्ष काढू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ८-१० अंशांवर उतरला की मुळांची स्फुरद उचलण्याची गती मंदावते. जमिनीत पुरेसं असतानाही काही मका संकरितांची पानं जांभळी होतात आणि थंडी ओसरल्यावर हिरवी होतात. खरा तुटवडा जुन्या पानांपासून सुरू होतो, रोप खुजं राहतं आणि थंडी गेली तरी रंग सुटत नाही. मक्याच्या दाण्यात साठा असल्यामुळे पहिले सुमारे दोन आठवडे काही दिसत नाही. सोयाबीन जांभळं होत नाही, फक्त गडद निस्तेज हिरवं राहतं. कांद्याच्या जुन्या पातीची टोकं वाळतात, त्यामुळे ते करपा समजून फवारलं जातं.

नक्की खात्री हवी असेल तर येत्या हंगामात वावराच्या मधोमध मक्याच्या चार ओळींना पट्ट्यात दुप्पट सुपर फॉस्फेट द्या, बाकी सगळं सारखं ठेवा. २५व्या दिवशी दोन्हीकडची पाच-पाच रोपं काढा, पण उपटून नाही. उपटलं की केस आणि बारीक फांद्या मातीतच राहतात आणि हातात येते ती मुळी खोटं चित्र दाखवते. रोपाभोवती २० सें.मी.चा ठोकळा कुदळीने कापून बादलीत तासभर भिजवा, हलक्या धारेखाली धुवा, पांढऱ्या ताटात पाण्यावर तरंगवा आणि १० पट भिंगाने बघा. मुळाला मातीचं मोजं घट्ट चिकटलेलं असेल तर केस दाट आहेत. मग पानं आणि मुळं वेगळी सुकवून वजनं घ्या. दुप्पट खताच्या ओळींत पानांचं वजन चांगलं वाढलं आणि मुळांचा वाटा घटला, तर तुटवडा खरा होता. दोन्हीकडे सारखं आलं तर स्फुरद सोडा. आधी जस्त, मग मातीचा घट्टपणा आणि पाण्याचा निचरा तपासा. पुढचा मातीचा नमुना घेताना या खताच्या पट्ट्यावरून घेऊ नका, दोन ओळींच्या मधून घ्या. एकरात दहा-बारा जागी १५ ते २० सें.मी. खोल खड्डा करून कडेची माती काढा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. आणि चिठ्ठीवर ‘चुनखडीची जमीन’ असं लिहा, म्हणजे प्रयोगशाळेत ऑल्सेनच्या पद्धतीने, ८.५ सामूच्या सोडियम बायकार्बोनेटने स्फुरद काढतील. आम्लधर्मी जमिनीची पद्धत वापरली गेली तर चुना त्यातलं आम्ल मारतो आणि आकडा विश्वासाचा राहत नाही.